जनावराला ऐकू येतं

मामांना हळू बोलता येत नसे. आपण हळूच बोलतोय असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि ती खाजगी गोष्ट ऐकून तिसऱ्या घरातली बाई दारात यायची. मी पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या कानाशी येऊन, अगदी गुपित सांगावं तसं विचारलं, "संडास भाईर हाय, चालंल न्हवं?" समोरच्या पानटपरीवरची माणसं चुना मळायची थांबून माझ्या उत्तराची वाट बघत उभी राहिली. चालेल म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सोलापूरच्या पूर्व भागात खालच्या मजल्यावर माग आणि वरच्या मजल्यावर माणसं राहतात. मामांच्या घरातही तसंच होतं. खाली मागच्या बाजूला चार यंत्रमाग, वर माझी भाड्याची खोली, आणि रस्त्याकडच्या खोलीत घरमालक मामा एकटे. घराणं तेलुगू विणकरांचं. माझं गाव जेऊर. आमच्याकडे दुपारी कुत्रं भुंकलं तरी माणसं बाहेर येऊन बघतात. इथं पहिला आठवडा माझं डोकं नुसतं भणभणत होतं. मागांचा खडखडाट भिंतीतून यायचा, फरशीतून यायचा, ताटलीतल्या आमटीवर बारीक लाटा उठायच्या. मामांना त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. कान कधीच गेलेले. मागावरच्या जुन्या माणसांचे जातातच. केस पिकल्याचं जेवढं दुःख, तेवढंच त्यांना कानांचं.

कारखान्यात बोलून उपयोग नसतो, म्हणून तिथं सगळं हातानं चालतं. मूठ आवळली की माग थांबव. दोन बोटं चिमटीत धरून फिरवली की धोट्यातली सुताची कांडी संपली. अंगठा ओठाला लावला की चहा सांग. मामा ही भाषा घरातही वापरायचे, आणि समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचे. मी जिन्यावरून उतरताना दिसले की तळहात छातीवर थापटून विचारायचे, बरी हायेस ना? मी मान हलवायची. कितीतरी दिवस आमचं बोलणं एवढंच. आणि खरं सांगू का, त्या अख्ख्या शहरात मला बरी आहेस का असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

तर असा हा माणूस व्हिडिओ गेम खेळायचा. तोही अंगावर काटा आणणारा.

मला ते कळलं ते असं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते, दुपारी सुटायचे. एक दिवस जिन्याशी आले तर आतून आरोळी आली, "आलं! आलं! मेलो गं मेलो!" मला वाटलं, म्हाताऱ्याला शॉक बसला. चपलांसकट आत पळाले. मामा लुंगी-बनियनवर खुर्चीत ताठ बसलेले. डोक्यावर हेडफोन, त्याची माइकची काडी तोंडापुढं. भिंतीवर मार्कंडेयाची तसबीर, तिच्याखाली भलाथोरला कॉम्प्युटर, त्याला हळदीकुंकू लावलेलं, पुढं उदबत्ती. पडद्यावर नुसता काळोख, आणि काळोखातून रक्त ओघळत होतं.

"काय झालं?" मी ओरडून विचारलं.

"काय व्हतंय? मेलो. सकाळधरनं मरायलोय." हेडफोन काढून त्यांनी टक्कल पुसलं. "बस. च्या घेतीस?"

मग त्यांनी खेळ समजावून सांगितला. लांब कुठंतरी आभाळात एक यान आहे. यान म्हणजे कारखानाच, असं मामांचं मत. पाइप, जिने, बोळ, बंद पडलेली यंत्रं. आतली माणसं मेलेली. एक दुरुस्तीवाला तेवढा उरलाय, आणि त्याच्या हातात बॅटरी सोडून काही नाही. बंदूक नाही, सुरी नाही. यानात एक जनावर फिरतंय. त्या दुरुस्तीवाल्यानं लपतछपत शेवटच्या दारापर्यंत पोचायचं. तिथं होडीएवढं एक लहान यान आहे, त्यात बसून सुटायचं.

"साहेब लोक आदीच पळाले बग," मामा म्हणाले. "कामगार तेवढा आत अडकला. ह्यात नवीन काय हाय?"

जनावर आंधळं. त्याला दिसत नाही, पण ऐकू येतं. आणि खेळातलेच आवाज नव्हे, तर त्या माइकच्या काडीतून खेळणाऱ्याच्या खोलीतलेसुद्धा. तुम्ही खोकलात, खुर्ची सरकवलीत, की ते तुमच्या दिशेनं वळलंच.

आता मला सांगा, असा खेळ खेळायला अख्ख्या दुनियेत याच माणसाला ही जागा मिळावी? भिंतीपलीकडं चार माग धडाधडा चाललेले, शेजाऱ्याचे आणखी, समोरच्याचे आणखी. खेळणारा ठार बहिरा, आणि वर तोंडानं त्याचं चालू, "हिकडनं जाऊ का तिकडनं? हिकडनंच जातो." जनावर बिचारं तरी काय करणार! मामांनी पाऊल उचलायच्या आत ते हजर.

"मामा, तुमचा आवाज ऐकू जातोय त्याला," मी म्हटलं.

"मी कुटं आवाज करतोय?" हे त्यांनी असं विचारलं की पलीकडचा कारागीर माग सोडून बघायला आला.

लॅबमधल्या मैत्रिणीला विचारून मी दुसऱ्या दिवशी उपाय घेऊन आले. ती काडी बंद करता येते. एक बटण दाबायचं, की जनावराला फक्त यानातलं ऐकू जाईल. मामा उखडलेच. "त्यानं ठेवलंय न्हवं तसं? मग तसंच खेळायचं." मी म्हटलं, बरं, मोबाइलवर कुणीतरी खेळून शेवट टाकलेला असतो, तो दाखवू? त्यावर मामांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. जिन्यावर छातीवरचा तळहातसुद्धा बंद. म्हाताऱ्या माणसाचा रुसवा फार वाईट, घरात जेवण गोड लागत नाही.

'त्यानं' म्हणजे त्यांच्या मुलानं. हे मला शेजारच्या अक्कांकडून कळलं. पोरगं एकुलतं. मामांनी त्याला मागापाशी फिरकू दिलं नव्हतं, सरकारी नोकरी लागावी म्हणून इंजिनिअरिंगला घातलं. ते त्यानं अर्ध्यात सोडलं. मला खेळांसाठी आवाज बनवायचेत म्हणाला. आवाज! बहिऱ्या बापाला पोरगं सांगतंय, मी आवाज बनवणार. मामा असे पेटले की गल्लीला शब्दन् शब्द पाठ आहे. "तुजं नाव कुटं छापून आलं तर ये. न्हायतर तोंड दाखवू नको." पोरगं बापावर गेलेलं. बंगळूरला गेलं ते गेलंच. आई वारली तेव्हा आलं, दिवसकार्य केलं, परत गेलं. बापाशी बोललं नाही.

आणि मग वर्षांनंतर तो कॉम्प्युटर पार्सलनं आला, पाठोपाठ फोन, तो ऐकून अक्कांनीच मामांना सांगितला. आप्पा, हा आमच्या कंपनीचा खेळ. त्यातल्या जनावराचा आवाज मी केलाय. खेळ संपला की काम केलेल्यांची नावं येतात, बघा. मामा म्हणाले होते, बघतो, बघून फोन करतो. तेव्हापासून म्हातारा रोज मरत होता.

"अहो, उचला फोन आणि करा की नुसता," रुसवा निवळल्यावर मी एकदा म्हटलं. "बाप आहात तुम्ही."

"कुटल्या तोंडानं करू?" मामा म्हणाले. "नाव छापून दाव म्हणून मीच बोललो न्हवं? त्यानं दावलंय. आता मी बघायचं राहिलंय." आणि वर, "आमचा मार्कंडेय यमाला चुकवून जगला. मला एक जनावर चुकवाय येऊ नये?"

शेवटी मीच त्यांचे कान झाले. मला झुरळाची भीती वाटते, लाइट गेले की मी देवाचं नाव घेते, हे सगळं मी त्यांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "मग तर बरंच. भितऱ्या माणसाला लई चांगलं ऐकू येतं."

बाजूला स्टूल टाकून मी बसायची. हेडफोन माझ्या डोक्यावर, काडी माझ्या तोंडापुढं, माउस मामांच्या हातात. बोलायचं नाही. जनावर डावीकडून आलं तर डावा हात, उजवीकडून आलं तर उजवा. मूठ आवळली की जागच्या जागी थांबायचं. बोटांची चिमूट फिरवली की बॅटरी संपत आली. कारखान्याची ती सगळी भाषा आम्ही यानात नेली. मागाच्या सुट्टीच्या दिवशी गल्ली शांत असायची, तेव्हा दुपारी बसायचं. एरवीच्या दिवशी मामा एकटे सराव करत आणि मरत.

ऐकणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. यानात कुठंतरी पाणी ठिबकतंय. लांब एक पत्रा वाजतो. मग आपल्याच छातीतली धडधड. आणि मग ते चालणं. जड, एक पाय ओढल्यासारखं, थांबत थांबत. आम्ही एका लोखंडी कपाटात लपलेलो, फटीतून उजेडाची रेघ, आणि ते कपाटाबाहेर उभं राहून श्वास घेतंय. माझी मूठ आवळलेली असेपर्यंत मामाही श्वास घेत नसत. ते पडद्याकडं बघतच नसत, माझ्या तोंडाकडं बघत. त्या कपाटात मला भीती वाटायची, पण एकटं वाटायचं नाही. वर खोलीत गेले की वाटायचं.

पहिल्याच दिवशी मी किंकाळी फोडली आणि आम्ही दोघं मेलो. नंतर एकदा चांगलं निम्मं यान पार केलं होतं, तेवढ्यात शेजारच्या अक्का दारातून, "काय गं, कडीपत्ता हाय का?" म्हणत आत आल्या. झालं! एका कडीपत्त्यापायी जीव गेला. मामांनी कपाळाला हात लावला. पुढच्या सुट्टीला त्यांनी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं की दुपारी कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, जनावराला ऐकू येतं. गल्ली म्हणाली, म्हातारं फिरलं. पण ऐकलं सगळ्यांनी. भाजीवाल्याला तर पोरीबाळी कोपऱ्यावरच गप्प करायच्या.

एक गोष्ट मला सारखी खटकत होती. ते जनावराचं चालणं मी कुठंतरी ऐकलं होतं. सुट्टी नसताना एकदा बसलो तर मला कळेचना की यानातलं काय आणि भिंतीपलीकडचं काय. मी हेडफोन काढला, घातला, परत काढला. मग उठून कारखान्यात गेले आणि तिसऱ्या मागापाशी उभी राहिले. तो जरा लंगडत चालायचा, खट खट करून मधेच दम खायचा. तोच. हळू केलेला, जाड केलेला, पण तोच.

मी मामांना सांगितलं. त्यांना खरं वाटेना. हेडफोन कानाला लावून काही कळेना, तेव्हा त्यांनी स्पीकर लावायला सांगितला आणि त्याच्या जाळीवर तळहात ठेवला, जसा ते चालू मागावर ठेवायचे. जनावर चालत होतं. मामांचा हात तिथंच. बराच वेळ त्यांनी काढला नाही.

"ह्यानं कवा भरून घेतला आवाज?" ते म्हणाले. "इचारलंसुद्दा न्हाय मला." चेहऱ्यावर राग आणायचा प्रयत्न होता, तो काही जमला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात गल्लीतले माग बंद पडायला लागले. आधी समोरच्यांचे गेले, भंगाराच्या टेम्पोत घालून. मग शेजारचे. चादरीला गिऱ्हाईक नाही म्हणत होते. एकेक माग कमी झाला तसा खेळ आम्हाला सोपा होत गेला. आता सुट्टीची वाट बघायची गरज नव्हती, आम्ही कुठल्याही दुपारी यानात हिंडू लागलो. मामांना ते आवडत नव्हतं. जनावर लांब राहिलं की एरवी त्यांचे डोळे चमकायचे, आता उगीच खिडकीकडं बघायचे. शेवटी सूत देणाऱ्या शेठनं त्यांचंही सूत बंद केलं. चारही माग थांबले. कारागीर पाया पडून गेला.

त्या दिवशी मी लॅबमधून आले आणि जिन्यावरच थबकले. भिंत गप्प, फरशी गप्प. इतके दिवस त्या खडखडाटाला शिव्या घातल्या, आणि आता त्याच्याशिवाय मला त्या घरात पाऊल टाकवेना. मामांना आवाज तसाही ऐकू येत नव्हता, पण ते फरशीवर अनवाणी उभे होते आणि तळपायाला काही लागत नव्हतं. तळहात छातीवर थापटून मीच विचारलं. त्यांनी मान हलवली नाही.

"बस," म्हणाले. "आज सपवू."

त्या दुपारी आम्ही संपवला. कसा ते मला नीट सांगताही येणार नाही, सगळा वेळ माझे डोळे निम्मे मिटलेले होते. शेवटच्या बोळात जनावर आमच्या अगदी मागं होतं, मी मूठ आवळून धरलेली, नखं तळव्यात रुतलेली. मामा दम धरून उभे. कुठं खुट्ट नाही. अख्ख्या पूर्व भागात त्या घटकेला एकही धोटा हलत नसावा असं वाटलं मला. ते पुढं निघून गेलं. मी हात उघडला. मामांनी दार गाठलं, लहान यानात शिरले, दार लागलं. मी हेडफोन फेकला आणि रडायलाच लागले. एवढी मोठी बाई मी, गेमपायी रडले.

"रडतीस काय? नावं वाच, नावं!"

काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी नावं खालून वर सरकू लागली. मुलाचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते मामांना माहीत होतं, तरी त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता. मी बोट ठेवून वाचत गेले. चित्रं काढणारे, प्रकाश बघणारे, हिशेब बघणारे. आवाजाचा विभाग आला. माझं बोट खाली आलं, परत वर गेलं. विभाग संपला. मग चहापाणी बघणारे, वकील, कुणाकुणाचे आभार, कुणाच्या तरी नुकत्याच जन्मलेल्या बाळांची नावं. बाळांची नावं होती! त्याचं नव्हतं.

खोटं बोलावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मामा नावांकडं बघतच नव्हते, सवयीप्रमाणे माझ्या तोंडाकडं बघत होते. पडदा काळा झाला तेव्हा मला काही सांगायची गरज उरली नाही.

ते उठले, माठातलं पाणी प्यायले, तोंड धुतलं, शर्ट घातला. फोनवर बोलायला शर्ट घातला त्यांनी. मग मुलाला फोन लावला. त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर, आवाज पूर्ण सोडलेला. मी उठायला लागले तर हातानं बस म्हणाले, पलीकडचं बोलणं मी त्यांना ओठांनी सांगायचं होतं.

सुरुवातीला ते तेलुगूत काहीतरी बोलले. मग मामा मराठीत आले. राग आला की ते मराठीत यायचे, पण हा राग नव्हता.

"सपला बग खेळ," ते म्हणाले. "बगितलं नाव."

मग पोरगं म्हणालं, "कुठं बघितलं, आप्पा?"

"कुटं म्हंजे? शेवटी. लई झ्याक दिसत हुतं."

"आप्पा, नाही ते." त्याचा आवाज अगदी बापासारखा जाड होता, पण आता पार पातळ झाला होता. "खेळ बाजारात यायच्या आधीच काढलं मला त्यांनी. नाव तरी ठेवतो म्हणाले होते. तुम्हाला पाठवला तेव्हा मला वाटलं, असेल. नंतर कळलं. म्हणून मी परत फोन केला नाही. तुम्ही शेवटपर्यंत पोचूच नये असं वाटायचं मला."

मामांनी फोन तोंडाजवळ धरला. "मी बगितलं म्हणतोय न्हवं!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की त्या मेलेल्या गल्लीत दारं उघडली. "तुला काय ऐकू येत न्हाय काय? पन्नास वर्सं चादरी इनल्या म्या, एकीवर तरी माजं नाव हाय का? म्हणून काय त्या म्या इनल्या न्हाईत? बगितलं म्हंजे बगितलं. नीग आता. घरला ये."

मग पोरगं म्हणालं, "उद्या येतो."

मामांना ते माझ्या ओठांवरून कळलं नाही. मी छातीवर हात थापटला, दाराकडं बोट केलं, आणि दुसऱ्या बोटानं दिवस पुढं ढकलला. त्यांनी मला परत एकदा करून दाखवायला लावलं. परत दाखवलं. मग ते खाली बसले.

थोड्या वेळानं मी चहा घेऊन आले तर खोली रिकामी. मामा खुर्ची उचलून दाराबाहेर पायरीवर घेऊन गेले होते आणि गल्लीच्या तोंडाकडं बघत बसले होते. ऊन अजून कलायचं होतं. मी त्यांच्यापुढं जाऊन हातवारे केले, आज नाही मामा, उद्या. आत चला.

"ठाव हाय की मला," ते म्हणाले, खरंच हळू. "पण लवकर आला, दार वाजवलं, तर मला कुटं ऐकू येतंय?"